गुढी, गणपती आणि फर्स्ट अमेंडमेंट: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेतल्या मराठी वाचकांचे प्रश्न साचले की त्यातले निम्मे एकाच गैरसमजावर उभे असतात. फर्स्ट अमेंडमेंट, म्हणजे अमेरिकी संविधानातली भाषण आणि धर्मस्वातंत्र्याची पहिली दुरुस्ती, ही साऱ्या जगाविरुद्ध मिळालेली ढाल आहे, असं लोक धरून चालतात. ती फक्त सरकारला बांधते. म्हणून कुठलीही कसोटी लावण्याआधी बघायचं, की समोर सरकार आहे का. आणि असेल, तर बोलतंय कोण, सरकार की तुम्ही?

पाडव्याला बाल्कनीत गुढी उभारली. एचओएने (घरमालकांच्या सोसायटीने) पन्नास डॉलर दंड लावला. हा धर्मस्वातंत्र्यावर घाला नाही का?

नाही, एचओए खासगी संस्था आहे. घर घेताना सही केलेले नियम वाचा. टेक्सससारख्या राज्यांत घरावर लावलेल्या धार्मिक वस्तूंना राज्याच्या कायद्याने संरक्षण आहे, पण तुमची बाल्कनी त्यात बसते का, हे स्थानिक वकिलालाच विचारा. आणि हरकत मुदतीत, लेखी नोंदवा.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून मला काढलं. भाषणस्वातंत्र्य?

ॲडमिन म्हणजे सरकार नव्हे.

गणेशोत्सवासाठी पब्लिक स्कूलचं सभागृह भाड्याने मागितलं. 'चर्च आणि स्टेट वेगळे' म्हणून प्रिन्सिपलने नकार दिला.

इथे प्रिन्सिपलचंच चुकतंय असं दिसतं. शाळा सुटल्यावर सभागृह इतर संस्थांना मिळत असेल, तर निव्वळ कार्यक्रम धार्मिक म्हणून तुम्हाला नाकारता येत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या मिलफर्डच्या शाळेने मुलांच्या एका ख्रिस्ती क्लबला असंच अडवलं होतं. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल क्लबच्या बाजूने दिला. बोलणारे तुम्ही, शाळा फक्त जागा देणारी. आरतीतला कापूर मात्र फायर मार्शलचा विषय. तो नाही म्हणाला तर संविधान काढू नका, बॅटरीवरच्या पणत्या आणा.

पण अर्ज कधी केलात? गणपती पंधरा दिवसांवर आले की मंडळांचे मेल येतात. तेवढ्यात वकीलही फारसं काही करू शकत नाही. नकार लेखी मागा, शाळेचं भाडेधोरण मिळवा आणि मगच भेटायला या. एकोणपन्नास डॉलरला 'फर्स्ट अमेंडमेंट नोटीस'ची पीडीएफ विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. असल्या छापील धमकीने शाळेचा वकील जागा होतो, सभागृह मिळत नाही.

तिसरीतल्या मुलीच्या टीचरने दिवाळीबद्दल सांगायला वर्गात बोलावलंय. सगळ्या मुलांकडून छोटीशी लक्ष्मीपूजा करून घ्यावी, असं मी म्हणते. मित्र म्हणाले, फुटबॉल कोचच्या खटल्यानंतर 'लेमन टेस्ट' गेली, आता शाळेत सगळं चालतं. आणि हे तर आपलं कल्चर, धर्म कुठे?

पणती दाखवा, रांगोळी काढू द्या, लक्ष्मीची गोष्ट सांगा, ॲलर्जीची चौकशी करून चकल्या न्या. पूजा करून घेऊ नका.

तुमच्या मित्रांनी मथळा वाचलाय, निकाल नाही. लेमन कसोटी १९७१ ची. सरकारच्या कृतीमागे ऐहिक हेतू हवा, तिच्या मुख्य परिणामाने धर्माला बळ मिळायला नको की अडथळाही यायला नको, आणि सरकार धर्मात फार गुंतायला नको. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनच्या कोचच्या खटल्यात, २०२२ मध्ये, कोर्टाने ती सहा विरुद्ध तीन मतांनी मोडीत काढली आणि इतिहास व परंपरा पाहायला सांगितलं. पण का? तो कोच सामन्यानंतर पन्नास यार्डांच्या रेषेवर गुडघा टेकून स्वतःची प्रार्थना करत होता आणि मुलांवर सक्ती नव्हती, असं बहुमताने धरलं म्हणून. (विरोधी मतात त्याच्याभोवती गुडघे टेकलेल्या खेळाडूंचे फोटो छापलेत, तेही बघा.) शाळेने म्हणवून घेतलेली प्रार्थना १९६२ पासून बाद आहे. पदवीदानाला शाळेने रॅबाय बोलावला, तेही १९९२ मध्ये बाद ठरलं. हे दोन्ही निकाल आजही उभे आहेत. तुम्ही वर्गात शाळेच्या बोलावण्यावरून, शाळेच्या वेळेत उभ्या राहणार. म्हणजे ती पूजा शाळेचीच धरली जाण्याचा धोका आहे. आठ वर्षांचं मूल टीचरसमोर 'मी हात जोडणार नाही' म्हणेल का?

आता कल्चर. हा युक्तिवाद कोर्टात होऊन गेलाय, तोही आपल्याच पूजेवर. सत्तरच्या दशकात न्यू जर्सीच्या पाच हायस्कुलांत भावातीत ध्यानाचा अभ्यासक्रम होता. नाव 'सर्जनशील बुद्धीचे शास्त्र'. मंत्र मिळवायला विद्यार्थ्याने फळं, फुलं आणि पांढरा हातरुमाल घेऊन यायचं. शिक्षक गुरूंच्या तसबिरीपुढे संस्कृतात पूजा म्हणणार. ती शाळेत नव्हे, शाळेबाहेर, रविवारी. हा धर्म नव्हे, असं चालक शेवटपर्यंत सांगत राहिले. १९७९ मध्ये थर्ड सर्किटने, म्हणजे तिथल्या फेडरल अपील कोर्टाने, अभ्यासक्रम बंद ठेवण्याचा निकाल कायम केला. कसोटी लेमनचीच होती, हे खरं. पण मुलांवर सक्ती होते का, या कसोटीवर तुमची लक्ष्मीपूजा तरेल यावर मी पैज लावणार नाही. याउलट कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटासच्या शाळांतला योग २०१५ मध्ये कोर्टात टिकला, कारण तिथे व्यायामच उरला होता.

माझी खरी काळजी वेगळी आहे. टेक्ससने २०२५ मध्ये कायदा केला, की प्रत्येक वर्गात किमान सोळा बाय वीस इंचांवर बायबलमधल्या दहा आज्ञा लावायच्या. त्यावर खटले झाले. तिथले मराठी पालक मला चिडून फोन करतात, आणि त्याच फोनवर विचारतात, की शाळेत सरस्वतीपूजन ठेवता येईल का! त्या फलकाचे समर्थकही म्हणतात, हा धर्म नाही, आमचा इतिहास आहे.

कार्यक्रमाची रूपरेषा टीचरला आठवडाभर आधी लेखी द्या आणि प्रिन्सिपलचा होकार येऊ द्या. कुठे शंका आली, तर डिस्ट्रिक्टच्या वकिलाचं मत मागा.

काउन्सिलच्या सभेत एकाने आपल्या देवांना शिव्या दिल्या. गुन्हा नोंदवता येईल?

भावना दुखावल्याचं भारतातलं कलम इथे नाही. तात्काळ हिंसेची चिथावणी (सुप्रीम कोर्टाचा ब्रँडेनबर्ग निकाल, १९६९) किंवा खरीखुरी धमकी असेल तरच पुढे जाता येतं. धमकी वाटली तर रेकॉर्डिंग जपा आणि पोलिसांकडे लगेच जा, आठवड्याने नव्हे.

सिटी मॅनेजरने फेसबुकवर ब्लॉक केलं.

२०२४ च्या लिंडकी खटल्यात, मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरनच्या सिटी मॅनेजरच्या पानावर कुटुंबाचे फोटो आणि करोनाच्या सूचना शेजारी शेजारी होत्या. सुप्रीम कोर्ट म्हणालं, त्याला सरकारतर्फे बोलण्याचा अधिकार होता का आणि त्या पोस्टमध्ये तो वापरत असल्याचं तो दाखवत होता का, हे दोन्ही बघा. ब्लॉक झाल्याचे स्क्रीनशॉट तारखेसह काढा, मग वकील.

नोकरीच्या एचवन-बी व्हिसावर आहे. मोर्चाला जाऊ का?

भाषणस्वातंत्र्य नागरिक नसलेल्यांनाही आहे, हे पुस्तकातलं उत्तर. पण २०२५ मध्ये निदर्शनं आणि लेखनावरून विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले, आणि कोर्टात जिंकेपर्यंत डिटेन्शनमधल्या रात्री कुणी परत देत नाही. ग्रुपवर 'काही होत नाही रे' म्हणणारे बहुतेक नागरिक झालेले असतात. इमिग्रेशन ॲटर्नीला मोर्चाच्या आधी भेटा. जाताना आय-९४ (प्रवेशाची नोंद) ची प्रत आणि ताजं आय-७९७ (व्हिसा-अर्ज मंजुरीचं पत्र) घेऊन जा.