रिपोर्ट नॉर्मल, मग मला होतंय काय?

"मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत, म्हणजे हे माझ्या मनाचंच आहे ना?" हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो आणि दरवेळी मला ती आठवते. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) २७ वर्षांची, दुपारच्या शाळेत शिक्षिका, लग्नाला दीड वर्ष. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी ट्वेल्व्ह, डोक्याचा एमआरआय सगळं करून झालेलं, काहीच निघालं नाही म्हणून स्ट्रेस असेल असं म्हणून माझ्याकडे पाठवलेली. घरचं म्हणणं एकच, सकाळी टुणटुणीत असते आणि संध्याकाळी पोळ्या लाटायची वेळ झाली की हिचे हात गळतात.

पहिली तीन सेशन्स सकाळी साडेनऊला झाली. मला ती ठीकच दिसायची, जरा घाबरलेली, बस. मी पण सासू-सून ताणाच्याच दिशेने गेले, ही माझी चूक, आणि ती मला अजून बोचते.

चौथ्या वेळी तिला सकाळ जमेना म्हणून संध्याकाळी सहाला बोलावलं. शाळेतून थेट आली. उजवी पापणी अर्ध्यावर आलेली, बोलता बोलता आवाज नाकातून यायला लागला, आणि हनुवटीखाली हात धरून बसलेली, मला वाटलं थकलीये, तर म्हणाली "मान धरवत नाही मॅडम". तिला म्हटलं वर पंख्याकडे बघत रहा. मिनिटभरात दोन्ही पापण्या खाली. नाटक करून पापणी अशी हळूहळू खाली येत नाही हो! त्याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं.

मायस्थेनिया ग्रेव्हिस निघाला. अमिताभ बच्चनना झाला होता तोच.

यात मज्जापेशी ठीक असते, स्नायूही ठीक असतो, बिघाड असतो दोघांच्या मधल्या जागेत. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते स्नायूवरच्या रिसेप्टरला चिकटलं की स्नायू हलतो. या आजारात आपलीच इम्युनिटी त्या रिसेप्टरविरुद्ध अँटिबॉडीज बनवते आणि रिसेप्टर कमी होत जातात. एकच हालचाल पुन्हा पुन्हा केली की दरवेळी ते रसायन थोडं कमी सुटतं, हे तुमच्या-माझ्यातही होतं पण आपल्याकडे रिसेप्टर भरपूर शिल्लक असतात, तिच्याकडे नाहीत. म्हणून पहिली पोळी नीट आणि सहावीला हात खाली. विश्रांती घेतली की परत थोडी ताकद. एमआरआयमध्ये हे दिसणार कुठून, त्यासाठी अँटिबॉडीची रक्ततपासणी आणि नसेला वारंवार करंट देऊन करायची टेस्ट असते, आणि थायमस ग्रंथीसाठी (छातीतली, इम्युनिटीशी संबंधित ग्रंथी, या आजारात ती बिघडलेली असू शकते) छातीचा सीटी.

सासूबाईंना हे सगळं मी सांगून पटलं नसतं. पण ओपीडीत डॉक्टरांनी मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ धरला आणि काढल्यावर डोळा उघडला, ते त्यांनी समोर उभं राहून पाहिलं. नंतर माझ्याकडे आल्या आणि किती वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "मी तिला कामचुकार म्हटलं हो." मी म्हटलं काकू, मलाही कुठे कळलं होतं.

मग तिचा खरा प्रश्न आला, मूल होईल का आणि त्याला हे होईल का. हा संसर्गाचा आजार नाही, सहसा आईकडून मुलात उतरतही नाही. काही बाळांना जन्मल्यावर थोडे आठवडे अशक्तपणा येतो तो जातो. फक्त आधी न्यूरोलॉजिस्टशी बोलून, औषधं ठरवून मगच प्लॅन करायचं. आणि गिळताना ठसका किंवा श्वास अपुरा पडायला लागला तर सकाळची वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल, हे मी दोघींकडून वदवून घेतलं.

आता पायरिडोस्टिग्मिनच्या, म्हणजे ते ॲसिटिलकोलीन जास्त वेळ टिकवणाऱ्या गोळीच्या वेळा सासूबाईंच्या मोबाईलमध्ये लावलेल्या आहेत. परवा त्यांचाच फोन, "हिला खोकला झालाय, इथल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंय, मायस्थेनियात काही काही चालत नाहीत ना, आधी मोठ्या डॉक्टरांना विचारू का?" म्हटलं काकू, आधी विचाराच.