डोळे निर्दोष, तरी दिसण्यात घोटाळा

प्रश्न : माझ्या धाकट्या जावेला काही वर्षांपासून ल्यूपस आहे. अलीकडे तिला एका वेळी एकच वस्तू दिसते. भाकरी दिसली की शेजारची आमटीची वाटी दिसत नाही, पेला धरायला गेलेला हात भलतीकडेच जातो. बेळगावच्या नेत्रतज्ज्ञांनी नजर उत्तम असल्याचे सांगितल्यापासून घरात ‘सोंग करते’ असे म्हणतात. काय करावे? – एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, हे सोंग नसावे, आणि नेत्रतज्ज्ञही चुकलेले नसावेत. तक्त्यावरचे एकेक अक्षर ती वाचू शकत असेल. पण कोणती वस्तू कुठे, कशाच्या शेजारी आणि किती अंतरावर आहे, याचा मेळ मेंदूच्या मागच्या व वरच्या भागात बसतो. तिथे दोन्ही बाजूंना इजा झाली, तर आपण लिहिली आहेत तशीच लक्षणे दिसतात. हंगेरीचे डॉक्टर रेझो बालिंट यांनी १९०९ मध्ये या लक्षणांचे वर्णन केल्यामुळे त्या सर्वांना मिळून ‘बालिंट सिंड्रोम’ म्हणतात. अशा रुग्णाला बाजाराचे चित्र दाखवले, तर तो टोपली सांगेल, थोड्या वेळाने बैल सांगेल, पण हा बाजार आहे हे त्याला सांगता येणार नाही.

ल्यूपसमध्ये हे क्वचितच घडते. या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. त्यातून मेंदूच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊ शकते, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, किंवा मूत्रपिंड बिघडून रक्तदाब भडकल्याने मेंदूच्या मागच्या भागाला सूज येऊ शकते. म्हणून रक्तदाब आजच मोजून घ्यावा आणि एक-दोन दिवसांत मेंदूविकारतज्ज्ञांना गाठावे. आपल्याकडे मिरज-कोल्हापूरला जाण्याचा प्रघात आहे, परंतु ही सोय बेळगावातही आहे. एमआरआय, रक्ताच्या आणि गरज पडल्यास पाठीतल्या पाण्याच्या तपासणीवरून कारण ठरते, आणि उपचार कारणानुसार बदलतात : रक्तवाहिन्यांच्या सुजेवर शिरेतून स्टेरॉइड, गुठळ्यांवर रक्त पातळ करणारी औषधे. जंतुसंसर्ग नाही ना, हेही आधी पाहावे लागते. चालू गोळ्या, विशेषतः स्टेरॉइड, परस्पर बंद करू नयेत.

चित्रे दाखवून होणारी तपासणी शक्यतो मराठीतूनच व्हावी. डॉक्टर कन्नड बोलणारे असल्यास आपण दुभाषी व्हावे, मात्र उत्तर तिच्याऐवजी देऊ नये. तोवर चूल, विहीर आणि रस्ता यांच्याजवळ तिला एकटीला जाऊ देऊ नये. झटके, तीव्र डोकेदुखी किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाल्यास मात्र भेटीच्या वेळेची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात न्यावे.