शेवटची शिट्टी होईपर्यंत

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा एवढा मोठा मेसेज वाचून आधी हसू आलं, मग तुझी दया आली. पोरगा आठ वर्षांचा, वाकडच्या फ्लॅटमध्ये मँचेस्टर सिटीची जर्सी घालून झोपतो. तू त्याला मोबाईलवर आपल्या कोल्हापुरातल्या तालमीच्या फुटबॉल टीमची मॅच दाखवायला बसलास, तर त्यानं विचारलं, ‘‘पप्पा, ही टीम आयएसएलमध्ये का नाही?’’ तुला उत्तर सुचलं नाही. आणि आता तू मला विचारतोयस, की त्याच्यावर जबरदस्ती करू की नाद सोडून देऊ.

दोन्ही नको. त्याला घेऊन शाहू स्टेडियमवर ये आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत जागेवरून उठू नकोस. माझं सांगणं एवढंच आहे. पुढचं लिहितोय ते राहवत नाही म्हणून.

आधी पोराच्या प्रश्नाचं बघू, कारण प्रश्न चांगला आहे आणि तू तो टाळलास. त्याला खरं ते सांग. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, २०१४ ला सुरू झाली, तिच्यात टीम उतरवायला कोट्यवधी रुपये लागतात आणि तालमीकडे वर्गणी असते. हे ऐकून त्याला आपली टीम बारकी वाटली तर वाटू दे. पण तिथं थांबू नकोस, पुढचंही सांग. तो राहतो त्या पुण्यातच पुणे एफसी होती, आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमध्ये चांगली खेळायची, गेली. डीएसके शिवाजियन्स आली, गेली. एफसी पुणे सिटी तर थेट आयएसएलमधली, बालेवाडीत मॅचेस व्हायच्या, पोरं नारंगी जर्स्या घालून जायची. २०१९ ला तीही बंद झाली आणि तिची जागा हैदराबादनं घेतली. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, २०१० ला मालकांनी टीमच गुंडाळली. गोव्यात फुटबॉल घराघरात, पण तिथंही २०१६ ला साळगावकर, स्पोर्टिंग आणि पाच वेळा देशात पहिली आलेली धेंपो, तिघीही आय-लीगमधून बाहेर पडल्या. प्रत्येकाची कारणं वेगळी असतील, काही खरीही असतील. पण त्या नारंगी जर्सीतल्या पोरांना कुणी विचारलं होतं का?

आपली तालीम बंद करायची तर कुणाच्या सहीनं करणार, एवढंच त्याला विचार. आठ वर्षांचं पोर आहे, त्याला बरोबर कळेल.

तालीम म्हणजे काय हे मात्र त्याला वाकडात बसून कळणार नाही, आणि तू व्हिडिओ दाखवून कळवायला जाऊही नकोस. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ ला खासबागचं कुस्तीचं मैदान बांधलं, गावात कुस्तीचं वेड लावलं, तालमी गजबजल्या आणि पुढं त्याच तालमींच्या पोरांनी चेंडू घेतला, ही गोष्ट तू शाळेपासून ऐकत आलास. पोराला गोष्ट नको सांगू, जागा दाखव. जिथं गणपती बसतो, मोहरमला पंजे बसतात, २०१९ च्या पुरात जिथनं दूध आणि जेवणाची पाकिटं निघत होती, तिथंच सकाळी बूट वाळत घातलेले असतात. ते बघितल्यावर टीमचं नाव पाठ करून घ्यावं लागत नाही.

आता तुझं ते वाक्य. ‘‘आपल्या रक्तात आहे काका, पण त्याच्यात उतरलंच नाही.’’ लेका, कसलं रक्त? तुझ्या आजोबांचं मला ठाऊक नाही, माझ्या वडिलांचं सांगतो. ते कागलकडनं शाहू मिलमध्ये कामाला आले. फुटबॉल त्यांनी गावात कधी बघितला नव्हता. या पेठेत भाड्याची खोली मिळाली, कारण इथं भाडं कमी होतं. दोन गल्ल्या पलीकडं खोली मिळाली असती तर आज मी पलीकडच्या तालमीसाठी गळा फोडत असतो आणि तुला तिकडचं पत्र लिहिलं असतं. आमच्या घराची तीन पिढ्यांची निष्ठा एका घरमालकानं ठरवलीय. वडील पहिल्यांदा कुणाबरोबर मॅचला गेले, पहिली मॅच हरले की जिंकले, हे त्यांना विचारायचं राहून गेलं. ते असताना सुचलं नाही, आता विचारायला कोणी नाही. पण एवढं नक्की, कुणीतरी शेजाऱ्यानं त्यांना नेलं आणि ते शेवटपर्यंत बसले. म्हणून सांगतो, उतरायचं असतं ते आपोआप उतरत नाही. नेऊन बसवावं लागतं.

तू म्हणशील, नेलं होतं की. दोन वर्षांपूर्वी फायनलला नेलं होतं. ठाऊक आहे मला, मी तिथंच होतो. गॅलरी भरलेली, पोराला खांद्यावर घेतलंस, फोटो काढलेस, आणि दोन गोल बसल्यावर पार्किंगमधनं गाडी निघणार नाही म्हणून पंधरा मिनिटं आधी उठलास. पोरानं काय शिकावं यातनं? हरत असलो की गाडी काढायची. तेच तो शिकला, आणि मग त्यानं दरवर्षी वरच्या नंबरात असणारी टीम निवडली. पोर हुशार आहे, तुझ्यापेक्षा तर्कानं चालतंय.

फायनलला नेऊ नकोस. लीगच्या साध्या मॅचला ने, तीही खालच्या नंबरातल्या टीमबरोबरच्या. भर दुपारी, गॅलरीत मोजकी डोकी, समोरून ऊन. सत्तराव्या मिनिटाला आपण तीन गोलांनी मागं आहोत आणि लोक धूळ झटकत पायऱ्या उतरायला लागलेत, अशी वेळ आली तर देवाचे आभार मान. बस तिथंच. जे उरतात त्यांना पोराला नीट बघू दे. मिसळीच्या दुकानातले आबा, रिक्षावाले मामा, कॉलेजची चार पोरं, आणि वर एकटाच बसून लाइन्समनला पितरं आठवायला लावणारा माझ्यासारखा एखादा. गोल झाल्यावर सगळेच आपले असतात. आपले कोण ते शेवटच्या वीस मिनिटांत कळतं. शिट्टी झाली की त्याला खाली गेटपाशी ने. आपला स्टॉपर गुडघ्याला माती आणि रक्त घेऊन बाहेर येईल, आणि तो उद्या सकाळी कामावर जाणार आहे. पोरगा हात पुढं करील तर तो हातात हात देईल, नावही विचारील. मँचेस्टर सिटीत कोण विचारतंय?

आणि ती सिटीची जर्सी काढून घेऊ नकोस. तू कळकळीनं लिहिलंस म्हणून हे मुद्दाम सांगतो. वर्ल्ड कप आला की याच पेठा अर्ध्या ब्राझीलच्या आणि अर्ध्या अर्जेंटिनाच्या होतात. २०२२ ला मेस्सीनं कप उचलला त्या रात्री तू स्वतः किती वाजता घरी गेलास ते तुझी आई सांगेल. तेव्हा तुझी तालीम कुठं पातळ झाली होती? दोन्ही मावतात. लांबचं प्रेम टीव्हीवर चालतं, जवळचं चालत नाही, एवढाच फरक.

एका गोष्टीला तयार राहा. पोरगा ज्याच्या नावानं ओरडायला शिकेल तोच पुढच्या हंगामात समोरच्या तालमीकडं जाईल. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, नोंदणीचे दिवस आले की गावात निवडणुकीसारखं वातावरण असतं. अमुक पाटाकडीलकडं, तमुक प्रॅक्टिसकडं, खंडोबाचा हा दिलबहारकडं, शिवाजीचा तो बालगोपालकडं. चहाच्या टपरीवर याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. पूर्वी हे फार जिव्हारी लागायचं. आता आफ्रिकेतनंही खेळाडू येतात, एका हंगामापुरते पेठेत राहतात, तांबडा-पांढरा रस्सा ओरपतात आणि जातात. पोरगा विचारील, ‘‘हा आपला आहे का?’’ हो म्हण. आपल्या जर्सीत आहे तोवर आपला. गेल्यावर त्याला शिव्या देऊ नकोस, निदान पोरासमोर. खेळाडूला पोट आहे, त्याचं करिअर सात-आठ वर्षांचं. अनिकेत जाधव इथनंच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडनं खेळला. पेठेतच राहिला असता तर? खेळाडूनं जावं. जायची मुभा नाही ती बघणाऱ्याला.

आता मला खरा राग कशाचा आला ते सांगतो. एवढा लांब मेसेज, सगळा पोराबद्दल. तुला अकरा वर्षांची मुलगी आहे, ती सोसायटीच्या टीममध्ये खेळते, हे तू कंसात लिहिलंस. कंसात! ती खेळते आणि तू वारस म्हणून तिच्या भावाकडं बघतोयस, जो सोफ्यावर बसून रिमोट चालवतो. पोरगा विचारतोय ना, आपण मोठ्या लीगमध्ये का नाही? एफसी कोल्हापूर सिटी नावाची मुलींची टीम इंडियन वुमेन्स लीगमध्ये खेळून आली आहे. कोल्हापूरचं नाव देशाच्या लीगच्या तक्त्यात पोरींनी लिहिलं. हे त्याला सांग, आणि तिला मधे बसव. गॅलरीत बायका-मुली कमी दिसतात हे खरं आहे. दिसतील तेव्हाच वाढतील.

पोरांना गॅलरीत न्यायची सूनबाईंची काळजी मात्र रास्त आहे. राडा होतो. बाटल्या येतात, कधी दगड येतात, पोलीस येतात, मॅच थांबते. मी आपल्या पोरांना यात सोवळं ठरवणार नाही. पोरांना घेऊन दोन तालमींच्या टोळक्यांच्या मधल्या पट्ट्यात बसू नकोस, बाजूला वयस्कर माणसं बघून बस. समोरच्या तालमीला नावं ठेवायला घरात शिकवू नकोस. तिथल्या निम्म्या लोकांकडं आपल्या मुली दिल्यात. आणि दगड आले तर उठ. शिट्टीच्या आधी उठायला मी देतोय ती ही एकच सवलत, तीही नाइलाजानं.

तुझ्या काकू हे पत्र वाचताहेत आणि म्हणताहेत, ‘‘लिहा त्याला, थोरलीच्या साखरपुड्याचं पण लिहा.’’ लिहितो. साखरपुडा संध्याकाळी सातचा होता आणि मॅच चारची. गणित बरोबर होतं. मॅच जादा वेळेत गेली, मग पेनल्टीत गेली, याला मी काय करणार? सव्वासातला मी हॉलच्या दारात होतो, बुटांना माती होती एवढंच. मुलाकडचे पाहुणे नाराज झाले असं काकू आजही म्हणतात. व्याह्यांनी मला बाजूला घेऊन पहिला प्रश्न विचारला तो ‘‘काय झालं?’’ असा, आणि तो साखरपुड्याबद्दल नव्हता. मी ऐंशीव्या मिनिटाला उठलो असतो तर वेळेवर पोचलो असतो, हे कबूल. पण बरोबर ती थोरलीच होती. ‘‘बाबा, निघूया,’’ असं ती एकदाही म्हणाली नाही. मेंदीचे हात मांडीवर धरून बसली होती. तिचं काय चुकलं, आणि माझं तरी काय चुकलं?

माझा मुलगा येत नाही, हे तू लिहिलं नाहीस पण मनात आणलं असशील. येत नाही. बेंगळुरूला असतो, सायकल चालवतो, फुटबॉल बघत नाही. त्याला नेलं होतं, तोही शेवटपर्यंत बसायचा, कंटाळत बसायचा. दोघांना एकाच पायरीवर बसवलं, एकीला नाद लागला, एकाला नाही. म्हणून न्यायचंच नव्हतं का? तुझ्याही घरात दोन आहेत. दोघांना ने, आणि कोणाला लागेल ते आधीच ठरवून टाकू नकोस.

तर आता कामाचं. डिसेंबरात लीग सुरू झाली की मी वेळापत्रक पाठवतो. त्यातली मॅच मी निवडणार, तू नाही. सकाळी लवकर निघा, कराडच्या पुढं रस्त्याच्या कामांचा काही नेम नसतो. जेवण आमच्याकडं. गाडी आमच्या दारात लावून चालत जायचं, म्हणजे पार्किंगचं निमित्त संपलं. पोरांना टोप्या आण, पाण्याच्या बाटल्या गेटवर काढून घेतात तेव्हा नाराज होऊ नका, शेंगदाणे आत मिळतात. सोमवारी ऑफिस आहे म्हणून हाफ टाइमला निघायचा विचार असेल तर सोमवारची रजा आत्ताच टाक. आणि मुलीचा बुटाचा नंबर कळव. तालमीत बारक्या पोरांचा एक जोड पडून आहे, तिला बसतो का बघू.

तुझा,
काका