‘फाइतो!’ लागलं की रडू येतं

पत्र, थोडक्यात:

“ताई, माझं वय 48. पुण्यात 14 वर्षं शाळेत गणित शिकवलं. 6 वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे तोक्योला आलो, निशी-कासाईत राहतो. इथे माझ्या बी.एड.ला कोण विचारतो? सुपरमार्केटच्या मागच्या खोलीत भाज्या चिरून पाकिटं भरते. जपानी भाषेच्या एन-टू पातळीच्या परीक्षेत दोनदा नापास झाले. कामावर रेडिओ चालू असतो. एकदा गायिका नाकाजिमा मियुकीचं ‘फाइतो!’ (म्हणजे ‘लढ!’) लागलं आणि सुरी हातात तशीच राहिली, डोळ्यांतून धारा. आता रोज ऐकते, रोज रडते. निम्मे शब्द कळतही नाहीत. लेक म्हणते, ‘आई, ही काकालोकांची गाणी आहेत.’ नवरा नुसता हसतो. कामावरच्या बायकांनी येत्या शुक्रवारी कराओकेला बोलावलंय. जाऊ का? आणि परीक्षेला तिसऱ्यांदा बसू, की या वयात आता पुरे?”

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र बाजूला ठेवून मी आधी ते गाणं ऐकलं. मग पुण्यात जपानी शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला फोन लावला आणि ओळ न् ओळ समजून घेतली. तीसुद्धा दोन-तीन ठिकाणी अडखळली, कारण हे गाणं पुस्तकी जपानीत नाहीच. त्यातली माणसं आपापल्या गावच्या बोलीत बोलतात. प्रमाण मराठी शिकून आलेल्या माणसाला मालवणीत गाऱ्हाणं ऐकवलं तर त्याचं जे होईल, तेच तुझं झालंय. त्यात एन-टूचा काही संबंध नाही.

आणि निम्मं कळलं नाही म्हणतेस, पण जे कळलं ते नेमकं तुझंच होतं. गाणं सुरूच होतं एका मुलीच्या पत्रानं: माझं शिक्षण जेमतेम शाळेपुरतं, म्हणून मला काम देत नाहीत. तुझं उलटं आहे. शिक्षण आहे, पण ते कुणाला वाचता येत नाही. दुखतं मात्र त्याच जागी. पुढे एक कडवं आहे, ते माझ्या डोक्यातून जात नाही. कुणालातरी गाव सोडून तोक्योला जायचं होतं, घरच्यांपायी जाता आलं नाही. तिकीट चुकून जळलं असं सांगायचं ठरवलं, पण जाळवलं नाही. ते तिकीट आता दुसऱ्याकडे पाठवलंय, तू सांभाळ म्हणून. त्यावरची ‘तोक्योकडे’ ही अक्षरं ओली होऊन फुटलीत. तू तर तोक्योत पोचलेली. तरी रडू आलं, कारण तुझं तिकीट बहुधा पुण्याच्या त्या वर्गाचं आहे. बरोबर ना?

जपानीत अशा गाण्यांना ‘ओएन्का’ म्हणतात, म्हणजे पाठीशी उभं राहणारी गाणी. त्यांतली सगळीच मला रुचतात असं नाही. ‘हरू नकोस, शेवट जवळ आलाय’ असं सांगणारी मला शिकवणीच्या बाईंसारखी वाटतात. (1993 चं झार्डचं ‘माकेनाइदे’ अख्ख्या जपानला आवडतं. मला सकाळी चालतं, संध्याकाळी नाही.) ‘फाइतो!’ 1983 च्या अल्बममधलं. त्यात कोणी जिंकत नाही. जो झगडतोय त्याला न झगडणारे हसतील, एवढं ते सरळ सांगतं आणि तरीही म्हणतं, लढ. म्हणून ते चाळिशी उलटल्यावर कळतं. लेक 20 वर्षांची असेल तर तिला काकालोकांचंच वाटणार. वाटू दे.

नवऱ्याचं हसणं मात्र मला एवढं सोपं वाटत नाही. त्याला तू कधी सांगितलंस का, की भाज्या चिरताना तुला वर्ग आठवतो? शब्द समजावून सांग त्याला. आणि त्याच्यासाठीही एक गाणं आहे: एलेफांत काशिमाशी या बँडचं ‘ओरेताची नो आशिता’, 2007 चं. दहा-वीस-तीस असं एकेका वयाचं सांगत जातं आणि तिशीवर थांबतं. पन्नाशीचं कडवं ज्यानंत्यानं रचायचं. हे गाणं ‘उकोन नो चिकारा’ नावाच्या पेयाच्या जाहिरातीत वाजायचं. उकोन म्हणजे आपली हळद! दारू पिणारे नोकरदार ते विकत घेतात. हे ऐकून मी पाच मिनिटं हसत होते.

रोजच्या रडण्याबद्दल एक गोष्ट गंभीरपणे. गाण्यापुरतं रडू येत असेल तर येऊ दे. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, अंगातून वाफा येत असतील, तर 48 व्या वर्षी आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. तिथे ‘कोनेन्की’ हा शब्द वापर, पाळी जाण्याच्या काळाला तोच म्हणतात. मन फारच खाली गेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांग. जपानमध्येच सांगतात, की खचलेल्या माणसाला ‘गम्बारे’, म्हणजे ‘अजून जोर लाव’, म्हणू नये. तो आधीच जीव तोडून करत असतो.

आता परीक्षा. जुलैला बसू नकोस, डिसेंबरला बस. मधले महिने गणितात घाल. तिथल्या मराठी मुलांपैकी एकाला तरी शनिवारी घरी बोलावून शिकव. पैसे घेणार असशील तर तुझ्या व्हिसावरच्या कामाच्या परवान्यात ते बसतं का, हे आधी विचारून घे. आठवड्याच्या 28 तासांची मर्यादा तुला माहीत असेलच. तिसऱ्यांदा नापास झालीस तरी निदान खडू हातात असेल.

शुक्रवारी जा. त्याआधी एकदा दुपारी एकटीच जाऊन ये. तिकडे एकटं गाणं इतकं नेहमीचं आहे की त्याला ‘हितोकारा’ असा शब्दच आहे, आणि दुपारचे दरही कमी. पडद्यावर कांजीच्या, म्हणजे चिनी चित्राक्षरांच्या, डोक्यावर उच्चार सांगणारी छोटी काना अक्षरं येतात, तेव्हा वाचायची भीती नाही. पट्टी दोन घरं खाली आणून घे.

चुकशील म्हणून घाबरतेस ना? मग हे ऐक. नाकाजिमाचं ‘चिजो नो होशी’ 2000 साली आलं, एनएचके या जपानी वाहिनीच्या ‘प्रोजेक्ट एक्स’ या माहितीपट-मालिकेसाठी. अडीच वर्षं ते खपाच्या यादीत रेंगाळत होतं. 2002 च्या 31 डिसेंबरला कुरोबे धरणाच्या वीजकेंद्राच्या थंडगार भुयारातून तिनं ते थेट प्रक्षेपणात गायलं. तेव्हा ती 50 वर्षांची होती. आणि अख्खा देश बघत असताना स्वतःच्याच गाण्याचे शब्द चुकली! जानेवारीत गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं, यादीत आल्यापासून 130 व्या आठवड्यात.

तेव्हा शुक्रवारी ‘फाइतो!’च लाव. तिकिटाच्या कडव्यापाशी आवाज गेलाच, तर माइक शेजारच्या बाईकडे दे. तिला ते पाठ असणार.

तुझी,
ताई