अँड्रॉइडवरील गेमची नवी आवृत्ती खेळाडूंना कशी जाहीर करावी?

तुमच्या गेमची नवी आवृत्ती प्ले स्टोअरवर चढवायची आहे आणि तिची पोस्ट कोणत्या दिवशी व कुठे टाकावी, असे तुम्ही विचारले आहे. शुक्रवारची संध्याकाळ सोडून कोणताही दिवस चालेल. त्याहून महत्त्वाचे हे, की नव्या आवृत्तीमुळे खेळाडूचे काही जाणार असेल, तर ते तुम्ही त्याला आधी सांगणार आहात की नाही.

काही वर्षांपूर्वी कोथरूडमधल्या आमच्या सदनिकेतून मी आणि माझा तेव्हाचा भागीदार सारीपाटावर बेतलेला एक छोटा गेम चालवत होतो. रोज एक डाव पुरा केला की सलग दिवसांचा आकडा एकाने वाढत असे आणि ही नोंद फोनमधल्या एका फाइलमध्ये राहत असे. आम्ही फाइलऐवजी डेटाबेस आणला, पण जुन्या नोंदी त्यात आणण्याचे काम वेळेअभावी सोडून दिले. हे खेळाडूंना कळवावे, असे माझे म्हणणे होते. वाईट बातमी दिली की लोक एक तारा देऊन निघून जातात, असे भागीदाराचे. मी त्याचे ऐकले. 'नवीन काय आहे' या रकान्यात आम्ही किरकोळ दोष दूर केल्याचे आणि वेग वाढवल्याचे तेवढे लिहिले, तेही इंग्रजीत.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू एक दोनशेपानी वही घेऊन वर आल्या. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. वहीत निळ्या शाईने तारीख, त्या दिवशीचे गुण आणि शेजारी सलग दिवसांचा आकडा, अशी रोजची एक ओळ होती; शेवटच्या ओळीत ४१२ होते आणि फोनवर १. "अरे, तुम्हाला हे आधी ठाऊक होतं का?" त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. त्या वही मिटून खाली गेल्या.

काकूंनी अपडेटचे बटण दाबलेच नव्हते. रात्री फोन चार्जिंगला आणि वाय-फायवर असताना प्ले स्टोअरने नवी आवृत्ती आपोआप उतरवली होती. म्हणून समाजमाध्यमावरची पोस्ट ही माझ्या दृष्टीने दुय्यम गोष्ट आहे. खरी सूचना चालू आवृत्तीत, गेम उघडताच दिसेल अशी, निदान आठवडाभर आधी द्यायला हवी. प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे गेम स्टोअरवर चढवण्याच्या गुगलच्या संकेतस्थळावर, 'नवीन काय आहे' या रकान्यासाठी मराठीत वेगळी टिपण लिहिता येते, ती लिहा. एका भाषेला ५०० कॅरेक्टरांची मर्यादा आहे आणि काना, मात्रा, वेलांटी ही युनिकोड या संगणकीय अक्षरपद्धतीत स्वतंत्र चिन्हे असल्यामुळे मराठी मजकुराला जागा पटकन अपुरी पडते. त्यामुळे जे बदलणार किंवा जाणार आहे, ते पहिल्या वाक्यात येऊ द्या आणि नव्या रंगसंगतीचे कौतुक नंतर.

आवृत्ती टप्प्याटप्प्याने सोडत असाल, तर ती सर्वांपर्यंत पोहोचेपर्यंत 'आली' असे जाहीर करू नका, कारण ती १० टक्के खेळाडूंनाच दिलेली असताना बहुतेकांना ती दिसणारच नाही. गडबड आढळली तर वितरण थांबवता येते. मात्र ज्यांच्याकडे ती पोहोचली आहे, त्यांना स्टोअरमार्फत मागे आणता येत नाही, त्यांच्यासाठी वाढीव क्रमांकाची दुरुस्त आवृत्तीच द्यावी लागते.

माझा अनुभव इंटरनेटशिवाय चालणाऱ्या, एकट्याने खेळायच्या गेमचा आहे. तुमचा गेम अनेकांनी एकत्र खेळण्याचा असेल, तर सहसा सगळे एकाच आवृत्तीवर असावे लागतात आणि अपडेट सक्तीचे करावे लागते. तेथे आठवडाभराची सूचना अधिकच गरजेची आहे.

आम्ही पुढच्या आवृत्तीत जुना आकडा हाताने भरण्याची सोय दिली. लोक खोटे आकडे भरतील, म्हणून भागीदाराचा तिला अखेरपर्यंत विरोध होता. ज्या गेममध्ये गुणांची जाहीर यादीच नाही, तेथे खोटा आकडा भरून कोणाचे काय बिघडते, याचे उत्तर त्याने मला आजवर दिलेले नाही. त्या वेळची टिपण मी स्वतः मराठीत लिहिली आणि प्रकाशित करण्यापूर्वी खाली जाऊन काकूंना वाचून दाखवली. त्यांनी एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवली, ती दुरुस्त केली, आणि मग वही उघडून ४१२ भरले.