मोबाईलवर शोधलेले घरच्यांना कळते का?

“मॅडम, मोबाईलवर हे बघितलेलं घरच्यांना कळतं का?” समोर बसताच त्याने हे विचारले, आजाराचा प्रश्न त्यानंतर आला. मराठवाड्यातील शासकीय रुग्णालयाच्या एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात मी हा क्रम पुष्कळदा पाहिला आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहीत आहे.

बीड जिल्ह्यातील हा विवाहित तरुण ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यावर जातो. तिथे एकदा निरोध न वापरता संबंध आला, त्याला आठ आठवडे झाले होते. तिसऱ्या आठवड्यात लिंगावर न दुखणारी जखम उठली, तेव्हा त्याने मोबाईलवरच्या जाहिरातीतले मलम मागवले. पुढे जखम भरली आणि मलमाचा गुण आला, असे तो धरून चालला. सिफिलिसची, म्हणजे ज्याला आपल्याकडे गरमी म्हणतात त्या आजाराची, पहिली जखम उपचाराविनाही भरून येते, पण जंतू शरीरातच राहतात, हे त्या जाहिरातीत कुठेच नव्हते.

मला हळहळ वाटली ती पहिल्या तीन दिवसांची. अशा संबंधानंतर 72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले, डॉक्टरांना योग्य वाटल्यास एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे सुरू करता येतात आणि ती 28 दिवस घ्यावी लागतात. त्या रात्री मोबाईल त्याच्या हातातच होता, पण राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची 1097 ही मोफत हेल्पलाइन त्याला ठाऊक नव्हती, आणि नंतरचे सगळे शोधणे लक्षणांभोवतीच फिरत राहिले. लक्षणांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही. त्यासाठी रक्ताचीच तपासणी लागते.

त्याच्या प्रश्नाला मी खरे तेच उत्तर दिले. घरात एकच मोबाईल चौघे हाताळत असतील, तर शोधलेले शब्द आणि लावलेले फोन दिसू शकतात. म्हणून ते पुसावेत, आणि रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअॅपवर कुणालाही, अगदी जिवलग मित्रालाही, पाठवू नये. केंद्रात मात्र गोपनीयता हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्यानुसार तपासणीसाठी तुमची संमती लागते आणि तुमची माहिती गुप्त ठेवणे आमच्यावर बंधनकारक आहे.

त्या दिवशी एचआयव्हीचा अहवाल निगेटिव्ह आला, सिफिलिसचा पॉझिटिव्ह. पेनिसिलिनचे इंजेक्शन देण्यात आले. एचआयव्हीची तपासणी संबंधानंतर तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा करायची आणि तोवर पत्नीसोबतही निरोध वापरायचा, असे ठरले. पत्नीलाही तपासणी व उपचार हवेत हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. मी घाई केली नाही. तिला कोणत्या शब्दांत सांगायचे, याचा सराव आम्ही दोन भेटींत केला.

पुढच्या तपासणीची आठवण त्याने माझ्यासमोरच मोबाईलमध्ये लावली आणि तिला नाव दिले “ट्रॅक्टर सर्व्हिसिंग”. ठरलेल्या दिवशी तो आला, पत्नीला सोबत घेऊन, आणि ओपीडीच्या रांगेत दोघे शेजारी उभे होते.