भोक न पाडता झडपा: वजन कट्ट्यावर, भिंतीला फक्त टेका

प्रश्न: आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. मी परिचारिका आहे, आठवड्यातून तीन-चार रात्रपाळ्या असतात. दिवसा झोपावं लागतं आणि झोपायच्या खोलीची खिडकी नेमकी पश्चिमेला. दुपारी ऊन थेट डोळ्यांवर येतं. समोरच्या इमारतीची गॅलरी हाकेच्या अंतरावर आहे. भिंतीला ड्रिल लावायचं नाही, असं मालकांनी करारातच लिहून घेतलंय. चिकटणारे हूक लावून पडदा टांगला, तो आठ दिवसांत रंगाच्या पोपड्यासकट खाली आला. आतून लाकडी झडपा बसवायचं मनात आहे. भोक न पाडता बसतील का? खिडकी चार फूट बाय चार फूट, अ‍ॅल्युमिनियमची सरकती आहे.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, बसतील. आणि घर सोडताना काढून सोबतही नेता येतील.

आधी तुमचा पडदा का पडला ते बघू, कारण झडपांचं सगळं गणित त्यातच आहे. हूक टेपला धरून होता, टेप रंगाला, रंग लांबीला (म्हणजे रंगाखालच्या पुट्टीला) आणि लांबी प्लास्टरला. यातला सगळ्यात कच्चा जोड लांबीचा, तो सुटला. टेप कितीही भारी आणा, रंगाखालची लांबी तीच राहते, आणि पावसाळ्यात ओल धरली की आणखी भुसभुशीत होते. नाशिकला भाड्याच्या खोलीत राहत असताना मीही झडपेची पट्टी टेपने भिंतीला लावली होती. जुलैमध्ये एका रात्री झडपेचा पल्ला, म्हणजे उघडमिट होणारी फळी, सुटला आणि मुलीच्या अंथरुणापासून हातभर अंतरावर पडला. सुतारकाम मी वडिलांच्या हाताखाली शिकलो, तरी ही चूक माझ्याकडून झाली. त्यानंतर झडपेचं वजन रंगवलेल्या भिंतीवर मी कधीच टाकलं नाही.

वजन खिडकीच्या कट्ट्यावर टाकायचं. खिडकीच्या गाळ्यात, म्हणजे भिंतीतल्या मोकळ्या चौकोनात, मावेल अशी लाकडी चौकट करायची आणि ती कट्ट्यावर उभी करायची. बिजागऱ्या त्या चौकटीला लागतात, भिंतीला नाही. बाजूंनी फक्त पाचरींचा दाब द्यायचा, म्हणजे चौकट हलत नाही. तुमच्या खिडकीला चारही बाजूंनी ग्रॅनाइटची पट्टी असेल तर फारच चांगलं, पाचरीचा दाब रंगावर न येता दगडावर येतो.

माप मात्र स्वतः घ्या. रुंदी तीन जागी मोजा: वर, मध्ये, खाली. उंचीही तीन जागी. मग दोन्ही कर्ण. कर्णांत दोन-तीन सुतांचा फरक निघाला तर गाळा गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही असं समजा. तसा तो बहुतेक घरांत नसतोच. सगळ्यात कमी भरलेलं माप धरा आणि त्यातून रुंदीला चार सूत, उंचीला चार सूत कमी करा. (आठ सूत म्हणजे एक इंच. कारागीर याच भाषेत बोलतो, तुम्हीही बोला, चुका कमी होतात.) सरकत्या खिडकीचा ट्रॅक सोडून आत किती खोली उरते तेही मोजा. चौकटीची पट्टी तीन इंच खोल हवी. त्याहून अरुंद घेतली तर पल्ले उघडल्यावर चौकट पुढे झुकू लागते. तीन इंच उरतच नसतील तर झडपांचा नाद सोडा.

पाचरींबद्दल सविस्तर सांगतो, कारण काम इथेच बिघडतं. एकेरी पाचर चालत नाही, ती एका कडेलाच दाबते. जोडपाचर घ्या: सागवानाच्या तुकड्याच्या दोन निमुळत्या पट्ट्या, एक पुढून सरकवायची, दुसरी मागून. दोन्ही एकमेकींवर चढल्या की बाहेरच्या बाजू समांतर राहतात आणि दाब सपाट पडतो. दगड आणि पाचर यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवा, चौकटीखालीही ठेवा. पाचर नेहमी कोपऱ्यापाशी, जिथे चौकटीची आडवी पट्टी मागून दाब पेलते. उभ्या पट्टीच्या मधोमध ठोकलीत तर पट्टी आत फुगते आणि पल्ले एकमेकांत अडकतात. वरच्या दोन कोपऱ्यांकडे जास्त लक्ष द्या, उघड्या पल्ल्यांचं वजन चौकटीला तिथूनच ओढतं. आधी अंगठ्याने सरकवा, मग लाकडी हातोडीने हळू ठोका. सुरुवातीला आवाज पोकळ येतो. तो भरीव झाला की हात थांबवा, त्यापुढच्या ठोक्याला ग्रॅनाइटची पट्टी तडकू शकते.

पल्ले दोन नकोत, चार करा आणि जोडीजोडीने घडी होऊ द्या. दोन फुटी पल्ला आत उघडला की पलंग अडवतो आणि चौकटीवर ताणही वाढतो. मी लहानपणी सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहिलो. तिथल्या खिडक्यांना वरच्या झडपा वेगळ्या आणि खालच्या वेगळ्या होत्या. खालच्या लावून घेतल्या की रस्त्यावरची नजर अडायची आणि वरून वारा यायचा. तुमच्या समोर गॅलरी आहे, तेव्हा तुम्हीही मधोमध भाग पाडून घ्या. सुट्टीच्या दिवशी वरच्या उघड्या ठेवता येतील.

झिलमिलीच्या पट्ट्या दिसायला सुंदर असतात, पण तुम्हाला अंधार हवाय, म्हणून पल्ले भरीव ठेवा: पाइनची कडा आणि मध्ये सहा मिलिमीटर प्लाय. पश्चिमेचा पाऊस आत येतोच, म्हणून प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा, मरीन, घ्या. पल्ल्यांमध्ये एक सूत जागा सोडा, लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं. त्या फटीतून येणारं उजेडाचं पातं अडवायला एका पल्ल्याच्या मागे पातळ पट्टी मारा. चौकट आणि दगड यांच्यातल्या फटीत काळा फोम दाबून भरा, डिंक लावू नका. ट्रॅकला पाणी जायची भोकं असतात, त्यांच्यावर चौकट किंवा फोम येऊ देऊ नका.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे निराशा होणार नाही. आतल्या झडपेने उजेड थांबतो, उष्णता तेवढी थांबत नाही, कारण ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं. त्यासाठी बाहेर ग्रिलला बांबूची चिक सुती दोरीने बांधा. काचेला काळा कागद मात्र चिकटवू नका. काच एकीकडे तापते, कडेला थंड राहते आणि तडकते.

पलंगाची उशी खिडकीखाली असेल तर पलंग फिरवा. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी होते, लाकूड आकसतं, पाचरी ढिल्या पडतात. तेव्हा एकदा हाताने तपासून परत सरकवा. आणि काम सुरू करण्याआधी मालकांना चौकटीचं चित्र पाठवून लेखी होकार घ्या. भिंतीला काही लागत नाही हे कळल्यावर बहुतेक मालक नाही म्हणत नाहीत.

प्रश्न: आमच्याही खिडक्या अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत. चुंबक लावून झडप बसवता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: नाही. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही. मच्छरजाळीसाठी मिळतात त्या चुंबकपट्ट्या आधी चौकटीला चिकटवाव्या लागतात आणि त्या जाळीपुरत्याच असतात. झडप नको, नुसता पडदा चालणार असेल, तर स्प्रिंगचा दांडा गाळ्यात दाबून बसवा. तो दगडाला किंवा टाइलला टेकवा, रंगाला नको, आणि पडदा हलक्या सुती कापडाचा शिवा.